दोनशे गज, पक्कं काही नाही

नाही, पण जमीन आपली, रजिस्ट्री आपली, आणि तिच्यात एक भिंत घालायची नाही? तुम्हाला सांगतो, सरकारी ऑफिसातला तो साहेब मान वरसुद्धा करत नाही. "पहाड़ी की ज़मीन है. पेड़ काटना नहीं, पक्का कुछ नहीं!" अहो, डोंगर कुठाय? ढेकूळ आहे ते! माझ्या दादाला तिथे घर बांधायचं होतं...

दादा म्हणजे श्रीरंग, माझा थोरला. आठवी नापास झालो तेव्हा त्यानेच मला दिल्लीला आणलं, करोल बागेत गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानात चिकटवलं. शहाण्णव साली त्याने गुडगावच्या पलीकडे दोनशे गजांचा प्लॉट घेतला. डीलर मारुतीतून फिरवून दाखवतोय, "भाईसाहब, पाँच साल में यहाँ लंदन होगा!" लंदन! तिथे तेव्हा नीलगाय चरत होती, आजही चरते. दादाने वहीत नकाशा काढला. इथे स्वयंपाकघर, इथे ओटा, मधोमध हॉल, आणि "गुण्या, ही खोली तुझी." मग कळलं, पक्कं काही नाही. दादा म्हणाला, "होईल रे, नियमाने होईल." नियमाने अर्ज केला... आणि फेब्रुवारीत स्वतःच्या नोकरीच्या ऑफिसात खुर्चीवरच गेला. अडतीस वर्षांचा माणूस. डबा तसाच. उघडला नव्हता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं? गवंडी धरला, विटा टाकल्या, संध्याकाळपर्यंत छातीएवढी भिंत! वहिनींना विचारलं? नाही. कुणालाच नाही. तेवढ्यात सायकलवरून रामफल, जंगलखात्याचा गार्ड. "यो के सै, भाई?" म्हटलं, भिंत. "सीमेंट सै?" आहे. "तो पक्की सै." गवंडी थापी टाकून पळाला! म्हटलं, माझा भाऊ गेलाय हो... रामफल उतरला, विटांवर बसला, मला पाणी दिलं. "भाई गया, बुरा हुआ. पर पक्का कुछ नहीं." भिंत मीच पाडली. ओली होती, लाथेनेच पडली.

जाता जाता म्हणाला, "पेड़ लगा ले. पेड़ की मनाही ना सै. कीकर मत लगाइयो, ढाक लगाइयो." ढाक म्हणजे आपला पळस हो! मला आजोबा आठवले. त्यांची रक्षा आम्ही नदीत सोडली नव्हती, खड्ड्यात घालून वर आंबा लावला होता. दादाची रक्षा वहिनींनी तांब्यात ठेवलेलीच होती. जुलैत तो तांब्या आणि पळसाचं रोप घेऊन दोघं प्लॉटवर गेलो. पहारीने खड्डा मीच घेतला... कुठे घेतला? अहो, बरोब्बर मधोमध! इकडेतिकडे बघावं, नकाशा आठवावा? छे!

त्यानंतर दर सोमवारी वहिनी आणि मी त्या साहेबाच्या ऑफिसात. "साहब, एक कमरा?" "पक्का कुछ नहीं." "साहब, ओटा?" "ओटा क्या होता है?" बसून दाखवलं! "पक्का कुछ नहीं." वर्षभर, तुम्हाला सांगतो, वर्षभर!

आणि गेल्या सोमवारी साहेबाने चक्क मान वर केली. "बधाई हो. दोबारा नाप हुई है, तुम्हारा प्लॉट पहाड़ी की हद से बाहर निकला. बनाओ मकान!" मी वहिनींकडे बघतो, वहिनी माझ्याकडे. त्याने फॉर्म सरकवला. "प्लॉट में कोई पेड़?" म्हटलं, एक आहे. "कहाँ?" बीच में. "छोटा है? निकलवा दो, परमिशन अभी लिख देता हूँ."

आता बोला! शिक्का हातात, पेन उघडं. मागे रांग ओरडतेय, "चलो भाई, जल्दी!" दादाचं घर एका सहीवर आलंय. वहिनींनी पदर चाचपला, हळूच म्हणाल्या, "भावजी, दुसरीकडे लावला तर जगेल?" म्हटलं, पळस आहे, मुळं खोल जातात, उपटला तर मरतो.

मी फॉर्म परत सरकवला. "पेड़ नहीं हटेगा, साहब."

साहेब उठूनच उभा राहिला! "साल भर मेरा दिमाग़ खाया, मकान, मकान! अब मैं दे रहा हूँ तो तू मना कर रहा है? दोनों एक साथ नहीं होगा. ये लोग आते कहाँ से हैं? अगला!"

तर असं आहे. दोनशे गजांत दादा एकटा ऐसपैस राहतोय. वहिनी आणि मी दिल्लीतल्या द्वारकेत भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि दर रविवारी दोन बस बदलून, मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन, घरमालकाकडे जातो.