पडद्यातून गेलेली चिमी

ऐका गो, गोव्यात हरमलला दर्याच्या तोंडावर एक घर. त्या घरात मी, माझी सून सुलभा आणि दोन वर्षांची नात चिमी. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोलीचा व्हिडिओ सुलभा काढत होती. मी मागे उभी राहून कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होते. खोली काळोखी, पण खिडकीबाहेर वाळूत खेळणारी चिमी लख्ख दिसत होती.

"आई, कॅमेरा ऑटोवर ठेवला की खोली काळी येते. उजेड मी हातानेच वाढवते," म्हणत तिने कॅमेऱ्यावरचं चाक फिरवलं. खोली उजळली, पण खिडकी पांढरीफटक झाली. वाळू गेली, दर्या गेला, चिमी गेली.

"अगो, पोर खंय गेली?"

"आई, तिथंच आहे. उजेडात दिसत नाही एवढंच."

मी तशीच अनवाणी धावले. वाळूत चिमी नव्हतीच! ती तिच्या कमरेएवढ्या पाण्यात, आणि समोरून लाट उठलेली. झगा धरून ओढली, तशी ती भोकाड पसरून रडली.

सुलभा मागून धावत आली. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कसलं कळतंय? तू तिला पुसून टाकलीस, म्हणून धावले. आता पोर हातात आहे, उजेड हवा तेवढा वाढव."