एकोणीस नंबरचं गीतपुस्तक

नाही नाही, त्या टोकाला नका बसू ताई, बाकाचा तिकडचा पाय डुगडुगतो—इकडे सरका, हां, असं. मोठ्या सरांना अजून वेळ लागेल. आत शिक्षकांची सभा चाललीय, आणि ती एकदा भरली की चहाच्या दोन फेऱ्या झाल्याशिवाय उठत नाही. तुम्ही कप्तानाच्या आई ना? ओळखलं मी. हनुवटी तीच, आणि गप्प बसायची तऱ्हाही तीच. मी इथलं चॅपल सांभाळतो—झाडलोट, मेणबत्त्या, घंटा, फाटलेल्या पुस्तकांची शिवण—एकतीस वर्षं झाली. मला फक्त एवढंच सांगायचंय, त्या पोराला रागावू नका. बस. एवढं सांगितलं की मी उठतो.

पत्रात काय लिहिलंय त्यांनी? कर्तव्यात कसूर—असंच ना? वाटलंच. वजनदार शब्द आहेत. आणि वजन टाकलं कुणावर, तर सोळा वर्षांच्या पोरावर. तुम्हाला नीट सांगितलंय का कोणी काय झालं ते? नसेलच. रविवारी चारच्या प्रार्थनेला लहानांच्या वसतिगृहातला एक जण आलाच नाही. आम्ही त्याला बटण म्हणतो, सगळ्यात धाकटा, आठ वर्षांचा, शर्टाचं वरचं बटण कधी लागलेलं नसतं त्याचं. घरची आठवण आली म्हणून ट्रंकांच्या खोलीत जाऊन आपल्या ट्रंकेवर बसला होता रडत. कोणीतरी बाहेरून कुलूप घातलं. इकडे चॅपलच्या दारात कप्तानानं वहीत लिहिलं—सगळे हजर. सात वाजता जेवणाला एक ताट उरलं तेव्हा पळापळ झाली. तीन तास आत होतं हो लेकरू. धुळीनं दम लागलेला, ओठ काळेनिळे. दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरा आहे, अगदी बरा—काल येऊन माझ्या घंटेच्या दोरीला लोंबकळून गेला. पण सोमवारी सकाळी चारशे पोरांसमोर सरांनी तुमच्या मुलाच्या छातीवरचा बॅज काढला. स्वतःच्या हातानं. पिन अडकली, निघेचना. सर ओढतायत, शर्ट ओढला जातोय, सगळा हॉल बघतोय—शेवटी पोरानंच मान खाली घालून ती पिन सोडवली आणि बॅज त्यांच्या हातात ठेवला. ‘घ्या सर’ म्हणाला. मी मागे खुर्च्या लावत होतो. ती खुर्ची काही माझ्याच्यानं उघडेना.

आता मला सांगा, कुलूप घातलं कुणी? विचारलं का कोणी? मी नव्हतो तिथं, मी कशाला कुणाचं नाव घेऊ—पण किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला असतो? वॉर्डनसाहेबांच्या. आत एकदा डोकावून बघायला मान दुखत होती का त्यांची? पण ते मोठे, ते साहेब. कप्तान म्हणजे कोण—तर सगळ्याची पावती ज्याच्या नावावर फाडता येते तो. साडेपाचला छत्तीस पोरं उठवायची कप्तानानं, अंथरुणं बघायची, ज्यानं ओलं केलं त्याची चादर कुणाला दिसायच्या आत धुवायला टाकायची, शनिवारी नखं कापायची, भांडणं सोडवायची, रडणाऱ्याला समजवायचं, आणि मग स्वतःची दहावी करायची. त्याच कामाला मोठी माणसं चार आहेत इथं. चार! आधीचे कप्तान मी पाहिलेत की. एकाला बॅज लावला तर महिनाभर मानच वळेना त्याची, सगळं अंग फिरवून बघायचा. दुसरा शिट्टीशिवाय बोलेचना. तुमचा तसा नाही. तो पोरांचे बूट स्वतः घासायचा, आणि मी म्हटलं, अरे, तू कप्तान ना, तर म्हणाला, म्हणूनच तर, आजोबा. मला आजोबा म्हणतो तो. सगळे काका म्हणतात, हा एकटा आजोबा म्हणतो.

आणि म्हणे मोजलं नाही. मोजलं नाही? माझ्यासमोर मोजलं त्यानं! इथली मोजायची पद्धत तुम्हाला माहीत नाही, कुठल्या नियमात लिहिलेली नाही ती, एक कप्तान दुसऱ्याला देत आलाय. डोकी मोजून होत नाही ताई. छत्तीस लहान पोरं, दारातून आत, आतून बाहेर, एक बाकाखाली, एक दुसऱ्याच्या मागे—दोनदा मोजाल तर दोन आकडे येतील. म्हणून पुस्तकं मोजायची. दाराशी मांडणी आहे, तिच्यात छत्तीस गीतपुस्तकं, पाठीवर नंबर घातलेले, मीच घातलेत. कप्तान दारात उभा राहतो, आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक. मांडणी रिकामी झाली की समजायचं सगळे आले. एक उरलं तर एक कमी. साधं आहे, आणि इतक्या वर्षांत कधी फसलं नाही. रविवारीही त्यानं असंच केलं, आणि मांडणी रिकामी होती. रिकामी! मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. एकही पुस्तक उरलं नव्हतं—उरणार कुठून, एकोणीस नंबर तर माझ्या खोलीत दाबाखाली—

काही नाही. शिवायला काढलं होतं एक पुस्तक. होतं असं. पाठ निघाली होती त्याची.

असं नका बघू ताई. त्यानंही असंच बघितलं होतं.

बरं. ऐका मग. एवढं बोललोय तर आता अर्धं गिळून काय होणार. पुस्तक शिवायला काढलं की त्याच्या जागी मी लाकडाची पट्टी ठेवतो. लाल रंगाची पट्टी आहे, मुद्दाम करून घेतलीय. पट्टी दिसली की कप्तानाला कळतं, आज एक पुस्तक कमी, पस्तीसच वाटायची, आणि छत्तिसावा रिकाम्या हातानं आला का ते बघायचं. रविवारी दुपारी मी एकोणीस नंबर काढलं आणि तेवढ्यात आठवलं, खोलीत स्टोव्हवर खळ ठेवलीय, पुस्तकाला लावायची. उतू गेली असणार म्हणून पळालो. म्हातारा माणूस, पळालो म्हणजे काय, झपझप चाललो. खळ वाचली. पट्टी राहिली. टेबलावरच राहिली, समोर दिसत असून मला दिसली नाही. मग पस्तीस पुस्तकं, आलेली पोरं पस्तीस, मांडणी रिकामी, आणि तिकडे बटण कुलपाच्या आत. आता सांगा, कसूर कुणाची? सांगा ना. नका सांगू, मला माहीत आहे.

नाही, त्याला माहीत आहे. तेच तर सांगतोय! त्याला रविवारीच कळलं. दवाखान्यातून आला तो सरळ माझ्या खोलीवर. वाटेत चॅपलमध्ये मांडणीतली पुस्तकं मोजली असणार त्यानं, पस्तीस भरली असणार. दारात उभा राहिला. दोन फळ्यांमध्ये एकोणीस नंबर, वर वीट, नंबर त्याच्याकडे तोंड करून. बघितलं त्यानं पुस्तकाकडे, मग टेबलावरच्या पट्टीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं. तर फळीला हात लावून म्हणतो, ‘आजोबा, हे अजून ओलं आहे, आज काढू नका.’ आणि गेला. सोमवारी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, मोजलं कसं होतंस? तर म्हणाला, माझं लक्ष नव्हतं सर, चुकलं.

का म्हणजे? गेल्या महिन्यात माझ्याकडून चॅपलचा नळ रात्रभर चालू राहिला, सतरंज्या भिजल्या. त्याआधी एकदा घंटा अर्धा तास आधी वाजवली. सर म्हणाले—वाईट माणूस नाहीत ते, हळू आवाजात म्हणाले—आता पुन्हा असं काही झालं तर आपल्याला तुमच्या विश्रांतीचा विचार करावा लागेल. विश्रांती! चॅपलमागची ती खोली गेली की मी विश्रांती कुठं घ्यायची? माझी बायको त्याच खोलीत गेली, ताई. आणि सर हे म्हणाले तेव्हा हा तिथंच सतरंज्या वाळत घालत होता. सगळं ऐकलं त्यानं. पण म्हणून काय झालं? राग येतो मला त्याचा, खरंच सांगतो. कुणी सांगितलं होतं? मी काय त्याच्या छत्तिसांतला आहे? माझी चादर लपवायची होती का त्याला? छत्तीस पुरेनात, सदतिसावा केला मला! आणि मी झालो. बसलो मुकाट. माझ्या वयाचा माणूस सोळा वर्षांच्या पोराच्या मागे लपून बसला, आणि इथं शिकवतात पोरांना—पुढे उभं कसं राहायचं ते.

सांगितलं की. फादरना सांगितलं, मंगळवारी, पापकबुलीच्या जाळीआड गुडघे टेकून. ते काय करणार, त्यांना कुणाला सांगता येत नाही, तोंड बांधलेलं असतं त्यांचं. म्हणाले, देवाकडून मोकळा झालास बाबा, पण पोर अजून अडकलंय. म्हटलं, हो फादर, जातो. आलो इथवर. याच बाकावर बसलो. शिपायानं विचारलं, काका, काय काम? म्हटलं, खिडकीची काच बघायची होती. बघितली काच. कालही आलो. कालही काचच बघितली. आज कळलं की त्यानं स्वतःच अर्ज दिलाय, शाळा सोडतो म्हणून, आणि तुम्ही सही करायला येताय. परीक्षेला तीन महिने राहिलेत त्याच्या! म्हणून आलो. म्हटलं, तुम्हाला सांगावं, रागावू नका—आणि निघून जावं. बघा, अजूनही तेवढंच करायचं होतं मला. लाज वाटते हो.

काय? माझं काय होईल? हे बघा, हे विचारू नका तुम्ही. दोघं मायलेक सारखेच. ते माझं मी बघेन. ती सही करू नका, कागद पिशवीत ठेवा. ठेवा आधी.

हा बघा, आलाच. ट्रंक खांद्यावर घेऊन आलाय, एवढी जड, कुणाला हात लावू दिला नसेल. ठेव खाली. ठेव म्हणतो ना. आणि मला डोळ्यांनी खुणावू नकोस, आईला सगळं सांगितलंय मी. नाही, ऐकणार नाही. मी कुणाचंही ऐकेन, तुझं नाही ऐकणार. बॅज काढलाय ना तुझा? चारशे जणांसमोर काढलाय, मी पाहिलंय. मग आता माझ्यावर कप्तानी नाही चालायची. हात सोड. सोड हात, शर्ट फाटेल माझा. ताई, घ्या हो याला तुमच्याजवळ. बस तिथं, आईच्या शेजारी, आणि एकदा तरी लहान पोरासारखा बस.

सर, आत येऊ का? नाही, काचेचं काम नाही.