न गेलेल्या माणसाचा खाऊ

जोकेई : ...म्हणूनच सांगतो, कुरामोची, निवाड्याची घाई करू नये. एका व्यक्तीच्या मनात गुपित उघड करण्याची इच्छा होती, पण ते तिच्या हातून उघड झालं नाही. दुसऱ्याच्या मनात ते जपण्याची निष्ठा होती, आणि नेमकं त्याच्याच हातून ते फुटलं. शासन कृती पाहतं, तथागत हेतू पाहतात. या दोन दृष्टींच्या मध्ये एक मुलगी कोठडीत बसली आहे. प्रश्न इतकाच आहे आणि तो लहान नाही.

कुरामोची : तुमच्या तोंडून किती स्वच्छ वाटतं, महाराज! मी आठवडाभर हेच घोकतोय, तर नुसता चिखल होतो.

जोकेई : चहा घ्या, निवतोय. आणि तो खाऊचा भाग पुन्हा एकदा सांगा. मघाशी बाहेर घंटा वाजत होती, मला नीट उमगला नाही. तुम्ही बेटावर गेलात...

कुरामोची : गेलो नाही, महाराज. अधिकृतपणे मी कुठेच गेलो नाही.

जोकेई : बरं. जिथे तुम्ही गेला नाहीत, तिथे काय केलंत?

कुरामोची : नव्या केंद्राची पाहणी. ओबोरो बेट. समुद्राखालून येणारी तार तिथे किनाऱ्याला लागते, आणि तिच्यातून जाणारं सगळं बोलणं त्या केंद्रात ऐकलं जातं. मंत्रालयात सांगितलं होतं की सासूबाई आजारी आहेत, निइगाताला जातो. सासूबाई ठणठणीत! परवा मलाच विचारत होत्या, "काय हो, सगळे माझी तब्येत का विचारताहेत?"

जोकेई : पुढे?

कुरामोची : परतताना बोटीला वेळ होता. धक्क्यावर खाऊचं दुकान होतं. आता तुम्हीच सांगा, बाहेरगावी गेलेला माणूस कचेरीत रिकाम्या हातांनी परतला असं कधी झालंय? वडिलांचे अंत्यसंस्कार करून आलो, तेव्हासुद्धा मी विभागाला खाऊची पेटी आणली होती. डोकं गुपित जपत होतं, महाराज, पण हात सवयीने पाकीट काढत होता.

जोकेई : पेटीवर बेटाचं नाव असेल ना?

कुरामोची : नाव होतं, दीपगृहाचं चित्र होतं. पण मी काही काल भरती झालेला नाही! वरचा कागद काढला, नियमाप्रमाणे गोपनीय कागदांच्या यंत्रात घालून त्याचा भुगा केला.

जोकेई : आणि खाऊ?

कुरामोची : तो वाटला.

जोकेई : हं.

कुरामोची : रताळ्याच्या सारणाचे वाफवलेले उंडे, खाली-वर रानदालचिनीचं पान. मला वाटलं, पानावर कुठे नाव लिहिलेलं असतं? काही उंडे उरले. आमच्या विभागातल्या त्सुगेला म्हटलं, "हे वार्ताहरांच्या खोलीत देऊन ये, बिचारे दिवसभर आपल्या नकारांवर जगतात." ती ताट घेऊन गेली. तिथे एक पोरगेलासा वार्ताहर आहे, त्याची आजी त्याच बेटावरची. त्याने पान हुंगलं. असे उंडे फक्त तिथेच होतात; मंत्रालयातलं कुणी तिथे कशाला गेलं, हे त्याला खटकलं. दुसऱ्या दिवशी बोट पकडली, डोंगर चढला, केंद्रावरच्या छत्रीएवढ्या तबकड्यांचे फोटो काढले. चौथ्या दिवशी वर्तमानपत्राचं पहिलं पान.

जोकेई : तुम्हाला हे कसं कळलं?

कुरामोची : त्याने बातमीच्या पहिल्याच वाक्यात लिहिलंय, "एका पानाच्या वासाने मला आजीच्या बेटावर नेलं." सगळ्या देशाने वाचलं. आमच्या तपास पथकाने ते वाक्य सांकेतिक ठरवलं. तिघं जण त्याचा अर्थ लावायला बसवलेत.

जोकेई : लागला?

कुरामोची : त्यांच्या मते "आजी" म्हणजे परकी सत्ता.

जोकेई : तथागता! ...आणि त्या मुलीला का धरलं?

कुरामोची : मार्गिकेच्या कॅमेऱ्यात ती वार्ताहरांच्या खोलीत शिरताना दिसते. आणि वसंतात, खात्याच्या पानगोष्ठीत, दोन पेल्यांनंतर ती सगळ्यांसमोर बोलली होती, "घरात कुणी भिंतीला कान लावून बसलंय, एवढं तरी घरच्यांना सांगावं. काय ऐकता ते सांगू नका, पण ऐकता हे सांगा." बास. इच्छा सापडली, कॅमेरा सापडला.

जोकेई : तिने सांगितलं नाही, की मी खाऊ द्यायला गेले होते?

कुरामोची : सांगितलं. कुणाचा, विचारलं. कुरामोचीसाहेबांनी आणलेला, म्हणाली.

जोकेई : मग तुम्हाला विचारलं असेल.

कुरामोची : विचारलं.

जोकेई : तुम्ही काय म्हणालात?

कुरामोची : म्हणालो, मी कुठेच गेलो नव्हतो. जो गेलाच नाही तो खाऊ कुठून आणणार? ...महाराज, मला तसं शिकवलंय. प्रश्न आला की तेच उत्तर आपोआप येतं. त्या क्षणी मला वाटलं, मी कर्तव्य केलं. जिन्यावर आल्यावर कळलं, पोर खोटी ठरली.

जोकेई : तिचं म्हणणं तुम्हाला पटतं का? भिंतीचं आणि कानांचं?

कुरामोची : नाही. खरं सांगू? आजही पटत नाही. उत्तरेकडून जहाजं येतात, ती कुठून निघाली हे आम्हाला त्या तारेतूनच कळतं. आम्ही ऐकतो हे ज्याला कळलं, तो बोलायचा थांबतो. ते गुप्तच राहायला हवं होतं.

जोकेई : त्याच तारेतून बेटावरची म्हातारी लेकीला विचारत असेल, जेवलीस का म्हणून. तेही ऐकता?

कुरामोची : पाणी उपसताना मासा वेगळा काढता येत नाही, महाराज. सगळंच येतं.

जोकेई : मी तुम्हाला नावं ठेवत नाही. जुन्या काळी शोगुन सेनापतींच्या राजवटीत याच मंदिरातून सरकारला कळवलं जायचं, की कोणत्या घरातला माणूस कुणाला भजतो. माझ्याच गादीवरचे पूर्वज कळवायचे. तेही म्हणत असतील, देशरक्षणासाठी. आणि संध्याकाळी त्याच घरांतून तांदूळ स्वीकारायचे. म्हणून आम्ही या विषयावर फार मोठ्याने बोलत नाही... जरा थांबा हं. अहो! अहो, थडग्यापाशी उभे असलेले गृहस्थ! इकडे या, चहा आहे.

(कुरामोचीने मान वळवली आणि हातातली चहाची वाटी खाली ठेवली. थडग्यांच्या रांगेत, हाती पळी आणि लाकडी बादली घेऊन उभा असलेला तो सडपातळ तरुण त्याच्या ओळखीचा होता. मंत्रालयाच्या सुरक्षा तपासणीतला हातोरी. मागच्या आठवड्यात "खाऊ कुणाचा?" हा प्रश्न त्यानेच विचारला होता.)

हातोरी : नमस्कार. मी... आपलं, शरद-संपाताचं पितृदर्शन करत होतो.

जोकेई : तासभर एकाच थडग्यावर पाणी घालता आहात. त्या आमच्या लोणचेवाल्या ओत्सुने आजी. इतकी सेवा त्यांची पोटच्या मुलांनीही केली नाही. आपलं नातं?

हातोरी : दूरचं.

जोकेई : त्यांना मुलीच नव्हत्या आणि मुलगे ब्राझीलला. बरंच दूरचं असावं. बसा.

कुरामोची : माझ्या मागावर आहात, हातोरी?

हातोरी : विभागातल्या सगळ्यांच्याच मागावर आहोत, साहेब. तुमच्यासाठी वेगळं काही नाही. तुम्ही सोमवारी खाली मान घालून चालता, ते टिपलंय.

कुरामोची : बरं झालं आलात. उद्या तुमच्याकडे येऊन सांगणार होतो, ते आजच सांगतो. त्सुगे खरं बोलते आहे. खाऊ मी आणला होता. मी त्या दिवशी ओबो...

हातोरी : थांबा! साहेब, नाव घेऊ नका.

कुरामोची : का?

हातोरी : माझी परवानगीची पायरी तिथवर नाही. ते नाव मी ऐकलं तर मला स्वतःविरुद्ध अहवाल द्यावा लागेल.

कुरामोची : अरे, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बोटभर जाड अक्षरांत छापलंय!

हातोरी : ते मी घरी वाचलं. कामावर असताना मला ते ठाऊक नसतं.

जोकेई : आणि तपास कशाचा करता?

हातोरी : एका ठिकाणचं नाव फुटलं, त्याचा. ठिकाण कोणतं, हे तपासाला आवश्यक नाही.

कुरामोची : ठीक आहे, नाव नको. "एका ठिकाणी" म्हणू. मी एका ठिकाणी गेलो, तिथला खाऊ आणला, तिच्या हाती दिला. लिहून घ्या.

हातोरी : नाही घेता येत, साहेब. तुम्ही गेला होतात हे मान्य केलं, तर तिथे जाण्यासारखं काही आहे हे मान्य होतं. मंत्रालयाने ते अजून मान्य केलेलं नाही. तुमचा कबुलीजबाब हाच राज्याच्या गुपिताचा भंग आहे.

कुरामोची : म्हणजे नकळत फोडलं, तो अपराध नाही...

हातोरी : ते घडलंच नाही. तुम्ही गेलाच नव्हतात.

कुरामोची : ...आणि जाणूनबुजून निस्तरायला गेलो तर तुरुंग.

हातोरी : दीर्घ मुदतीचा. तुम्ही नियम माझ्यापेक्षा चांगले जाणता, त्यातली दोन कलमं तुमच्याच मसुद्यातली आहेत.

जोकेई : त्या मुलीचं काय होईल?

हातोरी : सोमवारी सरकारी वकिलांकडे पाठवणार. खटला बंद दाराआड चालेल.

जोकेई : तिच्यावर नेमका आरोप काय, हे तिला सांगितलं?

हातोरी : गुपित फोडल्याचा.

जोकेई : कोणतं?

हातोरी : ते तिला सांगता येणार नाही. ते गुप्त आहे.

जोकेई : ...मी चाळीस वर्षं शून्यतेवर प्रवचन देतो आहे. इतकं सुबोध उदाहरण मला सुचलं नव्हतं.

हातोरी : हसू नका, महाराज. मला ही नोकरी चेष्टेची वाटत नाही. माझे आजोबा त्या उत्तरेच्या समुद्रात मासे धरायचे. एक दिवस जहाजं आली, आणि आजोबा बोटीसकट गेले. तेव्हा कुणी ऐकत असतं, तर कदाचित ते परत आले असते. मला वाटतं, ऐकणारं कुणीतरी हवं.

कुरामोची : मलाही तेच वाटतं, हातोरी. अगदी तेच. पण राज्य वाचवायचं म्हणून आपण हे करतो ना? मग राज्यात ती पोर मोजायची की नाही? तिने दोन पेले घेऊन मनातलं बोलून टाकलं, आणि तरीही तोंड मिटून काम केलं. तिला गुपित ठाऊक होतं, मत वेगळं होतं, वार्ताहर रोज चहाच्या वेळी भेटत होते. तिने नाही फोडलं. आमच्या खात्यात इतकी निष्ठा कुणाची आहे, सांगा! माझी? मला तर मोह झाला नव्हता, म्हणून मी निष्ठावान. फक्त खाऊ न्यायची सवय होती.

हातोरी : साहेब, हळू. बाहेर माणसं पितरांना भेटताहेत.

कुरामोची : तिचा वकील कोण?

हातोरी : ते सांगता येत नाही.

कुरामोची : वकिलाला सांगितलं तर त्याला न्यायालयात मांडावं लागेल. बंद दाराआड का होईना, न्यायाधीश ऐकेल. त्याची पायरी पुरेशी वर आहे ना?

हातोरी : त्याची आहे. वकिलाची नाही. म्हणजे वकिलाला सांगताक्षणी तुम्ही अपराधी. नकळत नव्हे, चांगले उघड्या डोळ्यांनी. निवृत्ती दोन पावलांवर आलीय, साहेब. वहिनींना काय सांगाल?

कुरामोची : ती दर वेळी विचारते, कुठे निघालात. लग्न झाल्यापासून मी खोटंच सांगत आलो. आज पहिल्यांदा खरं सांगेन. तिला ते पचायला जरा वेळ लागेल.

जोकेई : कुरामोची, मी तुम्हाला "जा" म्हणणार नाही. "नका जाऊ" असंही म्हणणार नाही. एवढंच विचारतो. जे गुपित तुम्ही आजही राखण्यायोग्य मानता, तेच तुम्ही आता आपल्या मुखाने उघड करणार. मनाला हे सोसेल?

कुरामोची : नाही सोसणार, महाराज. रोज टोचेल. पण ती कोठडीत असताना ते गुपित राखणं आताच सोसत नाहीये. दोन टोचण्यांतली एक तरी माझी स्वतःची असू दे.

हातोरी : ...मी आता त्या आजींच्या थडग्याकडे परत जातो. माझ्या अहवालात लिहीन, की कुरामोचीसाहेब पितृदर्शनाला आले, चहा घेतला, हवामानावर बोलले.

कुरामोची : धन्यवाद.

हातोरी : आभार मानू नका, काही झालेलंच नाही. ...आणखी एक. नदीपलीकडच्या बाजारात चष्म्याचं दुकान आहे. त्याच्यावरच्या माळ्यावर शिराफुजी नावाच्या वकीलबाई बसतात. आज सुट्टी असूनही पाच वाजेपर्यंत आहेत. तिथे त्सुगेची आई सकाळपासून बसून आहे.

कुरामोची : हातोरी! हे तर तुम्हाला सांगता येत नाही.

हातोरी : नाहीच येत. मी सांगितलेलं नाही. येतो, महाराज. चहा छान होता.

कुरामोची : महाराज, मीही निघतो. पाचच्या आत पोहोचायला हवं.

जोकेई : या. जिना जुना आहे, सांभाळून उतरा. ...त्या मुलीला आज रात्री आपल्या घरची शेज लाभो. जाणाऱ्याच्या पावलांना बळ मिळो, आणि मागे राहणाऱ्याचं मन निवो. तारेच्या दोन्ही टोकांना जे बोलत आहेत त्यांचं, आणि मध्ये बसून जे ऐकत आहेत त्यांचंही, कल्याण होवो.