कौसल्याबाईचा तुतीचा पाला

मंडळी, आधी एक प्रश्न, मग गोष्ट. आपल्या हातची वस्तू चांगली आहे, गाव तिचं कौतुक करतंय — अशा वेळी "हिच्यानं एवढंच होतं, याच्या पुढं नाही" हे सांगायचं कुणी? शेजाऱ्यानं? का आपण?

सावरखेडात कौसल्याबाई गर्जे राहायची. एक एकर तुती, शेडमध्ये रेशमाच्या अळ्या. अळी तुतीशिवाय कशाला तोंड लावत नाही — आपल्यासारखं नाही, एकादशीला साबुदाणा, भगर, वर डझनभर केळी. हसता काय, खरं तेच सांगतोय. उरलेला पाला शेळ्यांना. शेळ्या दुधाला वाढल्या. कोवळ्या पानांची पीठ पेरून भाजी. आणि सावलीत वाळवलेल्या पानांचा काढा. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "जेवणाआधी घेतला तर साखर आटोक्यात राहायला थोडी मदत होते." झालं! "थोडी" आणि "मदत" हे दोन शब्द गावानं वाटेतच सांडले. लोक दारात यायला लागले. "बाईच्या हाताला गुण आहे," म्हणायचे. तिला बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

देवळातले पखवाजी आश्रुबा तात्या, सत्तरी उलटलेले, पंधरा वर्षांची साखर. एका सकाळी कौसल्याबाई त्यांना पानं द्यायला गेली. तात्या ओसरीवर, पायाला फडकं. तिनं सोडून बघितलं — अंगठा काळा पडलेला, वास येत होता.

"तात्या, गोळ्या घेता ना?"

"दोन महिने झाले सोडून. तुझा पाला आहे की."

बाईनं फडकं पुन्हा पायाला गुंडाळलं. तिनं गोळ्या सोडायला सांगितलं नव्हतं. पण सोडू नका, असंही कधी म्हणाली नव्हती. का? कौतुक ऐकत होती म्हणून.

"उठा तात्या. दवाखान्यात जायचंय."

"मी नाही येत. पाय कापतील."

"मग मीही इथनं हलत नाही."

आणि खरंच हलली नाही. घरी अळ्या कोष विणण्याआधीच्या शेवटच्या, सगळ्यात मोठ्या भुकेवर होत्या. तिनं नवऱ्याला निरोप धाडला — पाला तुम्हीच टाका. ऊन डोक्यावर आलं. तात्यांच्या बायकोनं भाकरी आणली, तिनं ताट बाजूला सारलं. शेवटी तात्याच हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुझ्या पाल्याची बदनामी होईल गं."

"होऊ द्या. पाला पुन्हा फुटतो तात्या. पाय फुटत नाही."

तात्या उठले. अंगठा गेला, पाय वाचला. दोन महिन्यांनी पखवाजावर पुन्हा बसले.

कौसल्याबाई मात्र त्या दिवसापासून पुडी देताना प्रत्येकाला बजावायची, "डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी सोडणार असाल तर पाला मिळणार नाही." निम्मी माणसं यायची बंद झाली. तिचं बजावणं बंद झालं नाही.

आता तुमच्याकडे वळतो. या मंडपात गोळी बंद करून बसलेले किती आहेत? हात वर करू नका, चेहरे दिसतात मला. माझं कीर्तन चांगलं आहे म्हणता ना? मग माझ्याच तोंडानं सांगतो — कीर्तन ऐकून साखर उतरत नाही. उद्या सकाळी आधी गोळी घ्या, मग नामस्मरणाला बसा. तेवढा वेळ देव थांबतो.