आबांचं ड्रेसिंग

सॅलडचं नाव काढू नका रं माझ्यापुढं. शुगरनं आबांच्या पायाची जखम चिघळली. वर्षभर रोज मीच त्यांचं ड्रेसिंग करायचो, पण शेवटी कराडला पाय गुडघ्यातनं काढावाच लागला. टाकं सुकल्यावर घरी आणलं, तवा बायकोनं मोबाईलवर बघून काकडी, गाजर, पेरू चिरला आणि ताट आबांपुढं ठेवलं. वरनं घालायच्या दही-सायीलाबी ड्रेसिंगच म्हणत्यात म्हणं. ते घुसळता घुसळता मी आतनं ओरडलो, "आबा, थांबा! ड्रेसिंग राहिलंय!"

वाटी घेऊन भायेर आलो, तर आबांनी सवयीनं धोतर वर सरकवलेलं. खाली बघतच बसले. मग म्हणाले, "आता कशाचं ड्रेसिंग करतोस रं? पाय तर कराडातच राहिला की."