साडभाऊंचं ड्रॉवरचं कपाट

माझ्या साडभाऊंनी, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, फुलचूरच्या घरी सागाचं ड्रॉवरचं कपाट बनवून घेतलं, ते पाहिलंय का तुम्ही? वरच्या फळीची कड झाडाला होती तशीच वाकडी ठेवलीय. मिस्त्री म्हणे कुरकुरत होता, "लोक म्हणतील, याले रंधा मारता येत नाही."

बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेलो होतो. कपाट इतकं देखणं, की माझा जळफळाट झाला. निदान एखादा ड्रॉवर तरी अडकावा म्हणून मी एकेक ओढून पाहू लागलो. पहिला अलगद सरकला, आत साड्या. दुसरा त्याहून हलका, त्यातही साड्या. तिसऱ्यात बांगड्या, पर्स, काय काय.

"चौथाही हिचाच आहे," साडभाऊ म्हणाले. "कपाट मी बनवलं अन् माझे शर्ट खुंटीवर लटकून राहिले!"

"मंग काऊन बनवलं?" स्वयंपाकघरातून मेहुणी ओरडली.

साडभाऊ खूश होऊन हसले. मग मला म्हणाले, "मिस्त्रीले तुमच्याकडे पाठवू का?"

"नको. आमच्याकडे आता माझ्या शर्टांना सगळं कपाट मोकळं आहे."

मेहुणी बाहेर आली, नवऱ्याचे शर्ट खुंटीवरून काढले आणि चौथ्या ड्रॉवरमधल्या साड्या बाजूला सारून जागा करू लागली.

मी तिच्या हातातून शर्ट घेतले आणि परत खुंटीवर टांगले.

"राहू दे गं," मी म्हणालो. "इथंच बरे दिसतात."