जोखमीचा रकाना

मी मूळची वसईची. वडील शाळेत कारकून, आणि गावातले निम्मे फॉर्म आमच्या ओट्यावर भरले जायचे, रेशनकार्डाचे, पेन्शनचे, कुणाच्या कुवेतच्या नोकरीचे. वडील एकच सांगायचे, विचारलंय तेवढंच लिहा, पण विचारलंय ते लपवू नका. काय सांगू तुम्हाला, तेवढं एक शिक्षण घेऊन मी इथे आले. पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याच्या अर्जात नवऱ्याचा दमासुद्धा लिहिला. सगळे म्हणाले, लवीना, वेडी आहेस का? आठ महिने फाईल अडली, पण मिळालं ना शेवटी. मला वाटलं, खरं लिहिलं की मिळतं. उशिरा मिळतं, पण मिळतं.

आता राहते क्वेकर्स हिलला. इथल्या मूळ लोकांची, ॲबोरिजिनल लोकांची एक छोटी संस्था आहे, तिथे बारा वर्षं अनुदानाचे अर्ज लिहिते. संस्था त्यांची, चालवणारे तेच, मी आपली बाहेरची. तिथे एक आंटी होती. नाव घेत नाही हं मी, गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घ्यायचं नाही असं तिच्या घरच्यांनी सांगितलंय. माझी आजी तर जिवंत आजोबांचंही नाव घेत नव्हती, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. आपल्याकडे आंटी म्हणजे शेजारीण, त्यांच्यात आंटी म्हणजे मान. दर मंगळवारी दुपारी ती मुलांना आपल्या आजीची भाषा शिकवायची. मोठं पातेलं भरून सूप करायची, आधी शब्द म्हणायचा, मग वाडगा मिळायचा. ती भाषा पुस्तकात थोडी होती, तिच्या तोंडात जास्त.

अनुदान एकेका वर्षाचं, जूनअखेर संपणारं. दर वर्षी फॉर्म विचारायचा, यात नवीन काय? नवीन काय असणार, तीच आंटी, तेच सूप. मग मी दर वर्षी नवं नाव शोधायचे. एकदा लिहिलं, आंतरपिढी सांस्कृतिक पोषण उपक्रम. आंटीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बब, यात मीठ कधी घालायचं? मला ती बब म्हणायची, म्हणजे बाळ, मी पन्नाशीची झाले तरी. अनुदान देणारे मोठे साहेब भेटीला यायचे, आधी या जमिनीच्या मूळ मालकांना वंदन करायचे आणि मग त्याच मालकांच्या हातात जूनपर्यंतचं पत्र ठेवून जायचे.

टिया तिची भाची. आंटी तिला तयार करत होती, कान फार चांगला पोरीचा. पण टियाची नेमणूकही जूनपर्यंतच. एप्रिल आला की विचारायची, लवीना, जुलैत मी आहे का गं? मी म्हणायचे, बघू. दोन मुलं पदरात, भाड्याचं घर, बघूवर घरमालक थांबतो का?

मग पहिल्यांदाच पाच वर्षांचं अनुदान निघालं. आंटीचं तेव्हा डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. ती म्हणाली, पाच वर्षं टिया माझ्याजवळ राहू दे, सगळं देऊन टाकते तिला, मग मला कुठे न्यायचं तिथे न्या. मी जीव ओतून अर्ज लिहिला. त्यात एक रकाना होता, जोखमीचा. या कामाला धोका कशाचा? विचारलं होतं, म्हणून मी लिहिलं, की सगळं काम एका बाईवर आहे आणि तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मला वाटलं, हे वाचून त्यांना घाई होईल.

वाचून दाखवला तेव्हा आंटीने मला तिथेच थांबवलं. बब, हे लिहायलाच हवं? मी म्हटलं, आंटी, विचारलंय. ती म्हणाली, विचारतात गं, फार वर्षं विचारतायत आम्हाला. पण खोडलं नाही तिने. सही केली.

उत्तर आलं, अर्ज उत्तम, पण काम एकाच व्यक्तीवर अवलंबून असल्यामुळे पाच वर्षांचा भरवसा धरता येत नाही, तूर्त एक वर्ष. माझंच वाक्य मला परत पाठवलं होतं, जरा इस्त्री करून. मी रडत बसले, तर आंटीनेच मला सूप वाढलं. टिया मात्र थांबली नाही. मेलबर्नकडे, टार्निटला, वेअरहाऊसमध्ये कायमची नोकरी मिळाली, ती मुलांना घेऊन गेली. तिला कोण काय बोलणार?

आंटी त्याच हिवाळ्यात गेली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज लिहिला. जोखमीच्या रकान्याशी आले आणि लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कुणा एकीवर काहीच अवलंबून नाही, असं लिहिलं. खरंच होतं ते. पाच वर्षं मंजूर झाली.

टियाला फोन केला. ती म्हणाली, पाच वर्षं, आता? मला शिकवणार कोण? तरी आली ती, नोकरी सोडून आली. मंगळवारी शिकवते, जेवढं तिच्याकडे पोचलं तेवढं. मुलं भलतंच काही विचारतात, वाऱ्याला काय म्हणायचं, जावेला काय म्हणायचं. कधी येतं, कधी ती म्हणते, ते माझ्यापर्यंत आलं नाही रे. मुलं पुढचं विचारतात.

मी मागे बसते. मला तिथे कुणीच दोष देत नाही, टियासुद्धा नाही, उलट चहा आणून देते. देव तिला आयुष्य देवो. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं आपलं मला वाटतं.